अळणी पाण्यावरची हर्षदा

पाण्यात उतरण्याआधी हर्षदा पाण्याची चव घ्यायची. वाकून ओंजळ भरायची, जिभेला लावायची, थुंकून टाकायची आणि मगच पाय पुढे टाकायची. शाळेत असताना मी तिला एकदा श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर विचारलं होतं, "रोजचाच समुद्र, त्याची चव काय घ्यायची?"

"रोजचा कुठं असते? खाडीचा पानी मिसळला का खारटपना कमी लागते. मंग समजते, वढ कुठून हाय."

हे खरं होतं की तिच्या वडिलांनी लहानपणी मारलेली थाप होती, मला आजवर कळलेलं नाही. पण तिला ओढ कळायची, एवढं नक्की.

अमेरिकेतल्या त्या तळ्याकाठी आम्ही दोघी पहिल्यांदा उभ्या राहिलो तेव्हाही तिने तेच केलं. जून महिना, पण हवेत आपल्याकडच्या पौषासारखा गारठा. भोवती पाइनची उंच झाडं, आणि मध्ये तळं असं निपचित पडलेलं की वरचा ढगही त्यात हलत नव्हता. हर्षदाने ओंजळ तोंडाला लावली. या वेळी थुंकली नाही, गिळलं. पेजेत मीठ घालायचं राहून गेल्यावर माणसाचं होतं तसं तिचं तोंड झालं.

"अळणी," ती म्हणाली.

पुढचे सहा आठवडे ती माझ्याशी त्या पाण्याबद्दल याहून जास्त काही बोलली नाही.

आम्ही पाचवीपासून एका बाकावर. दोघीही वर्गात उंच, म्हणून शेवटचा बाक. माझ्या घरची सुपारीची वाडी, वडील हायस्कूलात शिक्षक, म्हणजे हर्षदाचे 'सर'. तिचं घर बंदराकडे, कोळीवाड्यात. वडिलांची नि चुलत्याची मिळून एक होडी. बारावीनंतर मी इंग्रजी शिकायला मुंबईला गेले, ती शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेली. आमच्या कॉलेजच्या एका बाईंनी मला या शिबिराचं सांगितलं. अमेरिकेत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलींना दोन महिने रानात, तळ्याकाठी राहायला पाठवतात. त्यांना सांभाळायला, शिकवायला देशोदेशीच्या तरुण मुली लागतात. मला चित्रकला शिकवता येत होती. आणि पोहायला शिकवणारी कुणी आहे का, असं बाईंनी विचारल्यावर माझ्या तोंडून हर्षदाचंच नाव गेलं.

तिच्या वडिलांना विचारायला मीच गेले होते. ते ओट्यावर जाळं घेऊन बसले होते. त्यांना मी काका म्हणायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"समुद्र हाय तिथं?"

"नाही काका, तळं आहे."

"मंग बुडायाची न्हाय ती," ते म्हणाले, आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. एवढ्यावर परवानगी मिळाली. तसंही पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्याच असतात.

मुलाखत आमच्या घरी, बाबांच्या कॉम्प्युटरवर झाली. पलीकडच्या बाईंनी दोघींना एकच प्रश्न विचारला, एखादी मुलगी तुमचं अजिबात ऐकत नसेल तर काय कराल? मी चार मिनिटं बोलले. प्रेम, विश्वास, संवाद, सगळं आलं त्यात. मग हर्षदाची पाळी. ती जरा वेळ विचार करत बसली आणि म्हणाली, "आय विल वेट."

बाई पुढच्या वाक्यासाठी थांबल्या. हर्षदाही थांबली. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला बसले होते, तिथून खुणा करू लागले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी त्या बाईच हसल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आमची दोघींची निवड झाली, पण मला वाटतं, तिची आधी झाली.

तिने चलाखी केली नव्हती. तिला थांबता यायचंच. एस.टी. चुकली की आम्ही बाकीच्या मुली चिडचिड करायचो, हर्षदा स्टँडवरच्या बाकावर बूड टेकून पाय लांब करायची. कुणी घाई केली की म्हणायची, "घाई पान्याला असते. आपल्याला कनाला?" हे 'कनाला' म्हणजे 'कशाला', तिच्या कोळीवाड्याचं. वर्गात या शब्दावरून मुली तिला हसायच्या. तिने तो शेवटपर्यंत सोडला नाही.

तळ्यावर काम करायचं तर आधी जीवरक्षकाची परीक्षा द्यावी लागायची. मला वाटलं, हिला कसली परीक्षा? हर्षदा पहिल्या फेरीत नापास झाली. खाऱ्या पाण्यात माणूस आपोआप वर राहतो. इथलं पाणी तिला धरीचना. त्यात तिचं पोहणं आमच्याकडचं, मान वर काढून, समोर बघत. तिथे डोकं पाण्यात घालून, ठरलेल्या पद्धतीने हात मारायचे होते. हात वर धरून नुसत्या पायांवर दोन मिनिटं तरंगायचं होतं, ते तिला जमेना. वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि तळ्याच्या लाकडी धक्क्यावर उभ्या असलेल्या परदेशी पोरी तिच्याकडे कीव करत बघत होत्या.

तळ्याची सगळी जबाबदारी ज्यूडी नावाच्या बाईंकडे होती. साठी उलटलेल्या, उन्हाने रापलेल्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी हर्षदाला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोलावलं. आठ दिवस त्या दोघी रोज सकाळी पाण्यात असायच्या. ज्यूडीबाई इंग्रजीत सांगायच्या, हर्षदा मराठीत उत्तर द्यायची. मी एकदा दुरून पाहिलं. हर्षदा धक्क्याला धरून धापा टाकत होती आणि सांगत होती, "तुमचा पानी धरीत न्हाय हो मना, मी काय करू?" आणि ज्यूडीबाई मान डोलावत होत्या, सगळं समजल्यासारख्या. नवव्या दिवशी ती पास झाली. परीक्षेसाठी तळाशी टाकलेली वीट तिने वर आणली ती छातीशी धरून, आणि बाईंच्या पायाशी ठेवली.

त्यानंतर तळं तिचं झालं. तिथे मुली जोडीजोडीने पोहतात. दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजली की जोडीने हात धरून वर करायचा, आणि धक्क्यावरच्या ताईने, म्हणजे शिकवणाऱ्या मुलीने, मोजायचं. हर्षदा मोठ्याने मराठीत मोजायची. आठवडाभरात चाळीस अमेरिकन पोरी पाण्यात हात वर करून 'येक, दोन, तीन' ओरडायला लागल्या. तेही तिच्याच सुरात.

पाण्यावर ती अशी. पाण्याबाहेर मात्र तिला त्या जागेत कुठे ठेवावं, कुणालाच कळत नव्हतं. तिथलं जेवण म्हणजे गोंगाट. टेबलं बडवायची, घोषणा द्यायच्या, उठून नाचायचं, एका टेबलाने दुसऱ्याला गाण्यात चिडवायचं. ताईंनी तर सगळ्यांच्या पुढे असायचं. मी पहिल्या आठवड्यातच शिकले. हर्षदा ताटावर मान खाली घालून जेवायची, आणि आजूबाजूला दोनशे जणी उड्या मारत असायच्या. भाषेचं कारण होतंच. तिला इंग्रजी समजायचं, पण बोलायला घेईपर्यंत समोरच्यांचं बोलणं पुढे गेलेलं असायचं. इथे कुणाला थांबायला वेळ नव्हता.

एक मुलगी मात्र तिच्याजवळ आली. नोरा, आठ वर्षांची. आल्या दिवसापासून घरची आठवण काढून रडत होती, जेवत नव्हती. खोलीच्या पायरीवरून उठायची नाही. सगळ्या ताईंनी आपापले उपाय केले. कुणी बाहुली आणली, कुणी गाणं म्हटलं, मी तिच्या हातावर चित्र काढलं. तिने पुसून टाकलं. मग दुपारच्या विश्रांतीला हर्षदा त्या पायरीवर येऊन बसली. शिबिरातली व्हॉलीबॉलची जाळी फाटली होती, ती तिने मांडीवर घेतली. जाळं विणायची सुई तिने एका मोडक्या लाकडी पट्टीतून स्वतःच तासून बनवली होती. ती विणत बसली. नोराकडे बघितलंही नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दोरीचं रीळ पायरीवरून घरंगळलं आणि नोराने ते उचलून आणलं. हर्षदाने ते घेतलं नाही, तिच्याच हातात राहू दिलं आणि दोरी ओढत विणत राहिली. थोड्या वेळाने नोराने विचारलं, ही गाठ कशी मारायची? संध्याकाळी ती जेवली.

ज्यूडीबाईंनी मला विचारलं, तुझ्या मैत्रिणीने काय केलं? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, तेच तर बाकीच्यांना जमत नाही.

मलाही जमत नव्हतं. आठवड्यातून एक दिवस आम्हाला सुट्टी असायची, आम्हा दोघींची बुधवारी. पहिले दोन बुधवार आम्ही बरोबर गेलो. जवळच्या गावात हिंडलो, एका बाकावर बसून बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. बोलायचं काय? जे तिला माहीत तेच मला. तिसऱ्या बुधवारी स्कॉटलंडच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या दोघी-तिघींनी मला गाडीतून बोलावलं. गाडीत एकच जागा होती.

"जा ना," हर्षदा म्हणाली. "मी हाय हितंच."

चौथ्या बुधवारी तिने विचारलंही नाही. मी गाडीत बसताना ती धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसलेली दिसायची, पाठमोरी. सुट्टीच्या दिवशीही ती पाण्याकडे तोंड करूनच बसायची. मला तेव्हा तिचा थोडा राग यायचा. हिने जरा प्रयत्न करायला काय हरकत आहे, असं वाटायचं. खरं तर तिच्या शेजारी बसलं की मीही श्रीवर्धनची व्हायचे आणि मला ते नको होतं. हे मी आज लिहू शकते, तेव्हा मनाशीही म्हणू शकत नव्हते.

फोन आम्हाला ऑफिसात ठेवावे लागत, सुट्टीला बाहेर जाताना तेवढे घेता येत. हर्षदा तिचा फक्त रविवारी सकाळी सातला घ्यायची. तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार झालेले असत आणि काका घरी असत. त्यांना फोनवर बोलायचा सराव नव्हता. दोनच प्रश्न ठरलेले.

"जेवलीस?"

"जेवली."

"पानी कसा हाय?"

"थंड. अळणी."

मग बराच वेळ दोघंही फोन कानाला लावून उभे. तिकडून पाऊस ऐकू यायचा, ती तो ऐकायची. तिची आई मागून ओरडायची तेव्हा फोन बंद व्हायचा.

सहाव्या बुधवारी मी त्या मुलींबरोबर लांबच्या एका गावात गेले होते. अकराच्या सुमाराला एका कॉफीच्या दुकानात बसलो असताना माझ्या फोनवर बाबांचा मेसेज आला. हर्षदाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. म्हसळ्यावरून पुढे माणगावला नेलं होतं. 'एक बाजू गेली आहे, पण बोलतात. हर्षीचं नाव घेतायत सारखं. तिचा फोन बंद लागतो. तिला लगेच फोन करायला सांग.'

शिबिराच्या ऑफिसचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन केला असता तर कुणीतरी धक्क्यावर धावत गेलं असतं. मी फोन हातात धरून बसले. पुढे आमची नावेतली सहल ठरली होती. माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस जाईल, असं मनात आलं. लगेच त्यावर दुसरं, चांगलं दिसणारं कारण मी चढवलं. अशी बातमी परक्या माणसाच्या तोंडून कशाला? संध्याकाळी जाऊन मीच सांगेन, जवळ बसून. बोलतायत म्हणजे तसं बरंच असणार. बाबांना मी लिहिलं, 'सांगते.'

आणि मी नावेत बसले. त्या दिवसाचे फोटो आहेत माझ्याकडे. मी हसतेय त्यात.

परत आलो तेव्हा सहा वाजले होते. हर्षदा कपडे वाळत घालत होती. मी सांगितल्यावर तिने हातातला टॉवेल नीट दोरीवर टाकला, दोन्ही टोकं सारखी केली, आणि मग ऑफिसकडे चालू लागली. फोन तिच्या मावशीने उचलला. आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. फोन स्पीकरवर नव्हता, पण मावशीचा आवाज मोठा होता, मला ऐकू आला.

"मघाशी एकच्या सुमाराला दुसरा झटका आला गो. आता बोलनं गेला. सारखा ईचारत व्हता, पोरीचा फोन लागला काय, पोरीचा फोन लागला काय..."

पलीकडून मावशी 'हर्षी, हर्षी' करत राहिली. शेवटी हर्षदाने एवढंच विचारलं, "जीव हाय ना?"

जीव होता. ज्यूडीबाईंनी धावपळ करून तिचं परतीचं तिकीट बदलून दोन दिवसांनंतरचं करून दिलं. मधल्या गुरुवारी हर्षदा नेहमीसारखी धक्क्यावर उभी राहिली, मोजत होती. नको म्हटलं तर ऐकेना. फक्त त्या दिवशी तिने मनात मोजलं, आणि पोरी पाण्यात हात वर करून, गप्प, तिच्याकडे बघत राहिल्या.

शुक्रवारी सकाळी तिला न्यायला गाडी यायची होती. फाटकाशी आम्ही दोघीच होतो. नोरा आधी येऊन, तिच्या गळ्यात पडून, पळून गेली होती. मी म्हणाले, "हर्षी, मला बुधवारी सकाळी अकरालाच कळलं होतं."

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "सरांनी सांगितला फोनवर. त्यांना वाटला तू लगेच सांगितलास."

मी रडायला लागले. तिने मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुला कवा थांबता येत न्हाय, मृणाल. त्या दिवशी बरी थांबलीस."

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. गाडी आली. तिने बॅग स्वतःच डिकीत टाकली आणि पुढच्या सीटवर बसली.

उरलेले दोन आठवडे मी तिथेच काढले. जेवताना गायले, नाचलेही. बुधवारी मात्र कुठे गेले नाही. आमच्या खोलीत तिची खाट रिकामी होती आणि मराठीत बोलायला कुणीही नव्हतं. मुली मला विचारायच्या, मोजायचं कसं ते सांग ना, दहाच्या पुढे काय? मी सांगायचे. माझ्या उच्चारात ते बरोबर वाटेना. त्या म्हणायच्या, ती असं नव्हती म्हणत.

श्रीवर्धनला आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. काका आतल्या खोलीत खाटेवर होते. डोळे जागे, तोंड एका बाजूला ओढलेलं. हर्षदा त्यांना चमच्याने पेज भरवत होती. एक चमचा, मग थांबायचं. त्यांनी गिळेपर्यंत ती चमचा तसाच धरून ठेवायची, कितीही वेळ लागला तरी. त्यांनी मला ओळखलं असावं, कारण त्यांचा चांगला हात हलला. मी तो धरला. मला क्षमा मागायची होती, पण कुणाची आणि कोणत्या शब्दांत?

मग तिने चहा आणला, कपबशीत. त्या घरात मी लहानपणापासून पितळीतून, पेल्यातून, तिच्याच उष्ट्या कपातून चहा प्यायले होते. बशी कधी मिळाली नव्हती. सोबत चार बिस्किटं, वेगळ्या ताटलीत.

"घे ना," ती म्हणाली. "कसा झाला तुझा प्रवास?"

मी तो चहा प्यायले आणि घरी आले.

काका दोन वर्षं तसेच जगले. ते गेल्याचं मला पुण्यात, नोकरीच्या ठिकाणी, बाबांकडून कळलं. मी तिला फोन केला, तिने उचलला, "व्हय, सुटला बिचारा," म्हणाली, आणि माझी चौकशी केली. माझ्या लग्नाला ती आली होती. हिरवी साडी, केसांत अबोली, आहेराचं पाकीट. स्टेजवर फोटोला उभी राहिली, जेवून गेली. वाढदिवसाला आम्ही एकमेकींना शुभेच्छा पाठवतो. तिने कधीही माझ्याशी भांडण केलं नाही. कुणी विचारलं तर आम्ही दोघीही सांगतो, आम्ही पाचवीपासूनच्या मैत्रिणी.

तिने लग्न केलं नाही, की जमलं नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्क उरलेला नाही. आईला घेऊन त्याच घरात राहते. बाबा सांगतात, ती कोळीवाड्यातल्या मुलींना शिस्तीत पोहायला शिकवते, आणि सुट्ट्यांत किनाऱ्यावर जीवरक्षकाचं काम करते. गेल्या वर्षी मुंबईचा एक सबंध परिवार तिने ओढीतून बाहेर काढला म्हणे. त्यांनी सत्कार करायचं ठरवलं, तर ही गेलीच नाही.

या मे महिन्यात मी माझ्या लेकीला घेऊन माहेरी आले होते. सई तीन वर्षांची आहे. एका संध्याकाळी तिला किनाऱ्यावर नेलं. सुट्टीची गर्दी होती, घोडागाड्या, भेळवाले, पाण्यात ओरडणारी माणसं. मी सईला कडेवर घेऊन पाण्यात शिरले. गुडघाभर, मग थोडं पुढे. लाट आली की ती खिदळायची, म्हणून आणखी थोडं पुढे.

शिट्टी वाजली. मी वळून पाहिलं. लाल टी-शर्ट, टोपी, काळा चष्मा. लांब ढांगा टाकत कुणीतरी पाण्याच्या कडेपर्यंत आलं होतं. चालण्यावरूनच मी ओळखलं. मी हात वर केला, हाक मारणारच होते.

"ओ ताई!" ती ओरडली. "मागं या! पोर हाय कडेवर, एवढा आत जायाचा न्हाय! मागं या, मागं!"

माझा वर केलेला हात तसाच राहिला. मावळतं ऊन माझ्या पाठीमागून थेट तिच्या तोंडावर येत होतं. तिला माझं तोंड दिसलं नसेल. किंवा दिसलं असेल. काळ्या चष्म्याआड काय चाललंय, हे मला कळायला मार्ग नव्हता.

मी मागे आले. पाणी घोट्यापर्यंत येईस्तोवर ती तिथेच उभी होती. मग तिने आमच्यावरची नजर काढली आणि पलीकडे चाललेल्या मुलांच्या घोळक्याकडे शिट्टी वाजवत निघून गेली.

"आई, ती कोण?" सईने विचारलं.

मी तिचे ओले पाय पुसत राहिले.